पायगुण

भर दुपारी कोबी मान टाकायचा.
संध्याकाळी दरीतून धुकं वर आलं की परत ताठ,
जणू काही झालंच नाही.
ओकदान म्हणाली, ऊन लागत असेल.
मी म्हटलं, हो, ऊनच.

गांगवॉनच्या या उतरणीवर,
जिथं जुलैतही सकाळी स्वेटर लागतो,
पवनचक्क्यांच्या सावल्या दिवसभर रोपं मोजत फिरतात,
तिथं उन्हाला एवढा जोर कुठून येणार?
पण मी म्हटलं, ऊनच.

आठव्या दिवशी तिनं एक रोप उपटलं.
खाली मुळं नव्हती. बोटं होती.
सुजलेली, एकमेकांत अडकलेली,
आल्याच्या गड्ड्यासारखी,
किंवा माझ्या सासूच्या हातांसारखी,
तिच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या.

मावा असता तर दिसला असता.
ठिपक्यांचा पतंग असता तर
अळ्यांनी पानांची चाळण केली असती,
आम्ही फवारलं असतं, शिव्या घातल्या असत्या.
शत्रूला तोंड असलं की रागाला जागा मिळते.
हा तर मातीत दडून
ओलीची वाट बघत बसलेला.

कृषी केंद्रातला गिजुन आला.
त्यानं सुरीनं गाठ कापली, नाकाशी नेली,
आणि आमच्याकडं न बघता म्हणाला,
आजी, पंधरा वर्षं विसरा.
कोबी नको, मुळा नको, मोहरी नको,
सगळं एकच गोत,
एकाच्या घरचं दुखणं सगळ्यांच्या दारात.
चुना टाका. बटाटा लावा.
आणि आठवून बघा,
कुणाचे बूट आले होते इथं? कुणाची कुदळ?

ओकदान आठवू लागली.
आठवताना तिचे ओठ हलतात.
मी बांधावरचे दगड बघत राहिले.

आदल्या ऑगस्टात मी भावाकडं गेले होते,
डोंगरापलीकडं, कापणीला.
त्याचाही कोबी दुपारी मान टाकत होता.
त्यालाही मी विचारलं नाही.
परतताना ट्रकवाल्यानं मला ओकदानच्या शेताशीच उतरवलं,
तिला माणूस कमी पडत होतं,
मी तशीच उतरले कामाला.
टाचेच्या खाचांत चिखल वाळला होता.
वाटलं, मातीच तर आहे.
माती मातीत गेली तर काय बिघडतं?

आणि संध्याकाळी, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही,
तिच्याच नळाखाली बूट घासून धुतले,
स्वच्छ बुटांनी माझ्या शेतातून घरी गेले.

पायगुण म्हणतात तो हाच असावा.
माझं शेत अजून धडधाकट आहे.

सहा वर्षं झाली. ती बटाटे लावते.
नोव्हेंबरात खालच्या गावातून कोबी विकत आणते,
मिठात घालते, मिरची चोळते,
आणि किमचीची पहिली बरणी माझ्याकडं घेऊन येते.
पण आधी माझ्या बांधाशी थांबते.
चुन्याच्या पाण्याची बादली बरोबर आणलेली असते,
एक पाय, मग दुसरा,
वाकून, गुडघ्यावर हात टेकत, ब्रशनं, तळवे, खाचा, टाचा.
राहू दे गं, ये तशीच, मी म्हणते.
तुझं तरी वाचू दे, ती म्हणते.

ती किमची मी खाते.
चवीला चांगलीच असते. तेच तर.

या वर्षी बर्फ पडण्याआधी
मी बादली भरून तिच्या बांधावर गेले.
तिचं शेत तर आधीच गेलेलं,
तिथं बूट धुऊन कुणाचं काय वाचणार?
तरी धुतले.
एक पाय, मग दुसरा.
ती दारात उभी होती, हातात बटाट्याची सालं.
काय चाललंय, असं विचारलं नाही.

ओठ तेवढे हलत होते.